कवठ्याची अट

"चालतंय न्हवं ते? मग हात कशाला लावतीस?" इक्बालमामांनी बशीतला चहा फुर्रकन ओढला.

हाच प्रश्न त्यांनी दारात विचारला होता, चहा यायच्या आधीही विचारला होता. प्रतिभानं लॅपटॉप मांडीवर घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. "चालतंय मामा. पन नवीन काय घातलं की दुसरीकडं मोडतंय. यवतचं नीट केलं की दौंडचं बिघडतं. कुनाला वाचताच येत न्हाई. काम तेच करंल, फक्त कोड नीट उलगडून मांडतीय."

"मला इचारायचं की."

इतकी वर्षं तेच तर चाललं होतं. शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या दूध संकलन केंद्रांचं सॉफ्टवेअर शिरूरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात बसून मामांनी एकट्यानं लिहिलं होतं. कुठं अडलं की त्यांना हाक मारायची. ते यायचे, चष्मा कपाळावर चढवायचे, स्क्रीनला नाक लावायचे आणि म्हणायचे, "कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?" मग सगळ्यांकडं वळून, "मीच." ऑफिस दर वेळी हसायचं. प्रतिभा त्यांच्याच हाताखाली शिकली. कोडला नावं ठेवायची तर आधी स्वतःच्या, हेही तिथंच शिकली. गेल्या पावसाळ्यात मामा ऑफिसचा रस्ता चुकले आणि मग यायचेच बंद झाले.

मागच्या आठवड्यात तिनं त्यांनी कोडमध्ये घातलेली एक अट काढून टाकली होती. संध्याकाळची नोंद सगळीकडं आठला बंद होते, कवठे येमाईला मात्र उशिरापर्यंत चालू राहायची. का, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. जुनी चूक असेल म्हणून तिनं सगळ्यांना एकच नियम लावला. त्या संध्याकाळी लांबच्या वस्तीवरून चालत येणाऱ्या धुरपदाबाईंचं दूध मशीननं घेतलं नाही. म्हातारी भरली किटली घेऊन अंधारात परत गेली, ती पुन्हा केंद्रावर आलीच नाही. प्रतिभानं अट परत घातली, पण मनाची टोचणी जाईना. तशा कितीतरी अटी त्या कोडमध्ये होत्या. प्रत्येकीमागं कोणीतरी असणार, आणि ते ठाऊक असलेला माणूस एकच होता.

"मामा, ही बघा." तिनं स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. "यवतचं हे एक खातं. कितीबी दिस दूध न्हाई आलं तरी बंदच व्हत न्हाई. कुनाचं वो हे?"

मामांची बायको लालबी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "आज बरे हायती सकाळधरनं," ती हळूच म्हणाली.

मामांनी चष्मा कपाळावर चढवला. ते बराच वेळ वाचत राहिले. ओठ हलत होते. एका ओळीवर बोट थांबलं, तशी प्रतिभा पुढं सरकली.

"कुठल्या गाढवानं लिहिलंय हे?"

प्रतिभाला एकदम हसू आलं. लालबीही हसली. दोघी पुढच्या शब्दाची वाट बघत राहिल्या. मामा मात्र प्रतिभाकडं बघत होते, तिनं उत्तर द्यावं म्हणून.

"कोन हाय त्यो?" त्यांनी विचारलं.

प्रतिभानं स्क्रीन हळूच आपल्याकडं वळवली. "हाय एक, मामा. लई चांगला मानूस हाय."

"मग त्यालाच इचार की," मामा म्हणाले.

लालबीनं त्यांच्या हातातली रिकामी बशी घेतली आणि कपाळावरचा चष्मा पुन्हा डोळ्यांवर बसवला.