म्हातारबाची उन्हाची बाजू

लाल लोकर. पांढऱ्या केसांच्या गुंत्यात अडकलेली, रंग उडून उडून गुलाबी झालेली, गाठ मात्र अजून घट्ट… निएवेसने ती बोटाने हलवून पाहिली आणि काटा टोचला, तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं की आपण बराच वेळ नुसत्या उभ्या आहोत, हातातली कॉफी निवून गेली आहे, आणि खिडकीतला म्हातारबा नेहमीसारखा रस्त्याकडे किंचित झुकून, येणाऱ्या-जाणाऱ्याची चौकशी करत असल्यासारखा उभा आहे.

म्हातारबा म्हणजे निवडुंग. त्यांच्या मेत्स्तितलान गावच्या कड्यांवर असे कितीतरी उभे असतात, खांबासारखे सरळ, शेंड्यापासून पांढरे केस सोडून. कड्यावरच्यांना कुणी विचारत नाही. हा मात्र बाबांनी बी पेरून वाढवलेला, तिच्याहून वयाने मोठा, आणि म्हणून घरातला. बाबा त्याचे केस साबणाच्या पाण्याने धूत, मग स्वतःच्या कंगव्याने विंचरत — त्याच कंगव्याने नंतर स्वतःचे — आणि म्हणत, “काय तरुण, जायचं का नाचायला?” आई तो कंगवा चिमटीत धरून अंगणात भिरकावून देई.

लोकरही बाबांनीच पलंगावरून सांगून बांधून घेतली होती. इथे असा निवडुंग जागचा हलवायचा म्हटलं की आधी त्याच्या दुपारच्या उन्हाच्या बाजूला लाल लोकर बांधतात आणि नव्या जागी तीच बाजू पुन्हा दक्षिणेला करतात. ती कातडी उन्हाला सरावलेली असते, पाठची नसते, आणि पाठ उन्हात आली की ती आधी पांढरी पडते, मग भाकरीसारखी करपते, आणि तो डाग काही जात नाही. बाबांना अंथरुणावरून उठता येईना तेव्हा त्यांनी सांगितलं होतं, “मला बाहेर नेता येत नाही ना तुम्हाला? मग त्याला आत आणा.” आणला. मरणारा माणूस काय मागतो… तिने तर कडाच उचलून आणला असता.

“निएवेस! अगं, जिवंत आहेस की नाही?”

दारातून आधी आत्याची टोपी आत आली, मग ओदिलिया आत्या, आणि तिच्यामागे अंगणात शेजाऱ्याची मागून आणलेली हातगाडी दिसत होती. जिवंत हा शब्द या घरात बोलायचा नव्हता हे आत्याला बोलून झाल्यावर आठवलं असावं, कारण तिने लगेच टोपी काढून उगाच झटकली.

“चल, उचल त्याला. रविवारी चर्चमध्ये तुझ्या बाबाच्या वर्षाची मिस्सा. त्याआधी म्हातारबा कबरीपाशी उभा राहिला पाहिजे. मी भावाला शब्द दिलाय.”

“आज नको, आत्या.”

“का? लोकर आहे ना? लोकर दक्षिणेला, एक खड्डा, दोन लाथा माती, आणि चला जेवायला.”

“लोकर आता खोटी आहे.”

“लोकर कशी खोटी असेल? ती काय मंत्री आहे?”

हसू आलं तिला, नको असताना. आणि मग सांगावं लागलं — दर रविवारी बाबा उशीवरून हाताची खूण करत आणि ती कुंडी जराशी फिरवत असे, तो खिडकीकडे झुकू नये म्हणून. “बघ कसा वाकतोय, शेजारणीचं भांडण ऐकायला! फिरव त्याला.” फिरवता फिरवता लोकर कधी भिंतीकडे गेली, कधी पलंगाकडे, आणि लोकरीखालची कातडीही उन्हाची सवय विसरली, बाबा गेल्यावर तर तिने कुंडीला हातही लावला नव्हता. शिवाय खालचं अंग तरी कधीकाळी ऊन खाल्लेलं होतं. वरचा भाग सगळा आतच वाढलेला — बारीक, फिकट, केसही विरळ, खांबावर कुणी मेणबत्ती ठेवावी तसा. या भागाला उन्हाची बाजूच नव्हती. आणि स्मशानात सावली म्हणाल तर क्रुसाची, तीही हातभर, आणि चुना लावलेल्या कबरी चहूकडून ऊन परत फेकणाऱ्या.

आत्याने चष्मा लावून म्हातारबाभोवती एक फेरी मारली. तिला समजलं होतं, आणि समजलेलं तिला आवडलं नव्हतं.

“मग ही मान कापू. खालचा लावू तिकडे, वरचा सुकवून रुजव तुला हवा तर. तुझ्या बापाने, फिदेन्सियोने हेच केलं असतं.”

केलं असतं. सुरी पुसून, शीळ घालत केलं असतं… निएवेसला ते अगदी स्पष्ट दिसलं. निवडुंगाला कंबर आली की ती आयुष्यभर राहते, हेही त्यांनीच सांगितलेलं. पुढे कितीही ऊन द्या, वरचं जाड होईल, मधलं बारीकच. पण हा बारीक भाग म्हणजे ते दिवस होते. ते रविवार, ती भांडणं, ती खूण. आत्याला हे सांगायचं म्हणजे रडणं आलं, आणि सकाळी सकाळी आत्यासमोर रडण्यापेक्षा…

“नाही,” ती म्हणाली. आत्याला आजवर या घरात कुणी नाही म्हटलं नव्हतं. बाबाही ‘बघू’ म्हणत. “कापायचा नाही. आधी त्याला बाहेरची सवय करू. सकाळचं कोवळं ऊन, अक्रोडाखाली, अंगावर कापड. मग कापड काढू. मग नेऊ.”

“म्हणजे कधी?”

“माहीत नाही.”

आत्याने तिच्याकडे पाहिलं. मग टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाली, “घोंगडी आण. काटे तुझ्या बाजूला.”

दोघींनी त्याला घोंगडीत गुंडाळून, धापा टाकत, एकमेकींना दोष देत अंगणात आणलं. वरून आईचं जाळीचं टेबलक्लॉथ टाकलं तेव्हा आत्या मागे सरून बघतच राहिली. “अगं बाई! या वयात नवरी!” आणि दोघी हसू लागल्या, आत्याला तर हातगाडीवरच बसावं लागलं.

“रविवारी विचारतील सगळे. काय सांगू?”

“सांग, हवापालटाला गेलाय.”

“कुठे?”

“अंगणात.”

“फिदेन्सियो मला स्वप्नात येऊन शिव्या देईल,” डोळे पुसत आत्या म्हणाली, आणि रिकामी गाडी खडखडवत निघून गेली.

निएवेस खुर्ची घेऊन बसली. ऊन वर आलं की त्याला ओसरीत ओढायचं, एवढंच काम होतं. पानांमधून ऊन जाळीवर, जाळीतून पांढऱ्या केसांवर पडत होतं, आणि तिला बाबा आठवत होते — कोपरापर्यंत साबणाचा फेस, भिजलेली पँट, आईवर खेकसणारे, मोठ्या आवाजात… किती मोठा आवाज होता! खाली नदीकाठच्या मक्यापर्यंत जायचा. मग तिने मुद्दाम तो दुसरा आवाज आठवून पाहिला, पलंगावरचा, श्वासाच्या मागून येणारा, जो वर्षभर कानातून हटला नव्हता — आणि तो चटकन येईना. ती दचकली. पुन्हा प्रयत्न केला. आला, पण लांबून, शोधून आणल्यासारखा, आणि पहिला आवाज त्याच्यावरून बोलतच राहिला.

हे असं होऊ द्यायचं का? दोन्ही आवाज ठेवता येतात का… की एक वाढला की दुसरा…

ऊन तिच्या पावलांवर आलं होतं, मग घोट्यांवर. आता उठून ओढायला हवं त्याला, ती मनात म्हणाली, आणि उठली नाही. अजून कोवळंच आहे, अजून थोडं चालेल, असं तिला वाटत होतं, आणि ते निवडुंगाविषयी वाटतंय की स्वतःविषयी, हे बघायची तिला घाई नव्हती.