गोलमागचा माणूस

बस डेपोच्या कँटीनमध्ये त्या मंगळवारी दुपारी जो कालवा चालला होता, तो ऐकून बाहेरच्या माणसाला वाटलं असतं, आत भावाभावांत घराची वाटणी चाललीय. वाटणी कसली डोंबलाची! टीव्हीवर आदल्या दिवशीची मोठी मॅच पुन्हा दाखवत होते आणि सगळी हमरीतुमरी एका हातावरून होती. बचावातला खेळाडू घसरला, चेंडू त्याच्या गुडघ्यावरून उडून हाताला लागला. मैदानातल्या पंचाला त्यात काही वावगं दिसलं नाही. पण कुठल्याशा खोलीत पडद्यांसमोर बसलेल्या दुसऱ्या पंचाने त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि हा बाबा धावत कडेला गेला, पडद्यात डोकं खुपसून उभा राहिला आणि परत येऊन त्याने पेनल्टी दिली.

"हा काय खेळ झाला?" कंडक्टर टेबलावर थाप मारून ओरडला. "गोल झाला तरी नाचायची सोय नाही. नाचून घ्यायचं, आणि खोलीतल्या साहेबाने नाही म्हटलं की मुकाट खाली बसायचं!"

"हात लागला तर लागला," लाँड्रीच्या टीमचा कप्तान म्हणाला. "यंत्राला ना काका ना मामा."

"अरे, हळू करून दाखवलं की सगळंच पाप दिसतं! तू पाठ खाजवतोयस ते हळू दाखवलं ना, तर लोक म्हणतील हा सुरा काढतोय!"

हशा पिकला. एकट्या ब्रेककाकांना हसू आलं नाही. ते कोपऱ्यातल्या बाकावर चहाचा कप दोन्ही हातांत धरून बसले होते आणि चहावर कधीचीच साय धरली होती.

ब्रेककाका म्हणजे डेपोतले सगळ्यात जुने मेकॅनिक. गाडीखाली सरपटत जायचं, ब्रेक तपासायचे, बाहेर येऊन हात पुसायचे आणि मान डोलवायची. ती डोलल्याशिवाय एकही बस फाटकाबाहेर पडत नसे. साहेबांनी घाई केली तरी नाही, आदळआपट केली तरी नाही. त्यामुळेच तर मैदानावरही त्यांना तो मान मिळाला. आसपासच्या कारखान्यांच्या आणि दुकानांच्या टीमांची ही सुट्टीच्या दिवसाची स्पर्धा. पंच एकच, शाळेतले मास्तर, आणि मास्तरांचे गुडघे असे की ते चेंडूपर्यंत पोचेस्तोवर चेंडू दुसऱ्या टोकाला गेलेला असायचा. म्हणून तिथे एक रीत पडली होती. मास्तरांना दिसलं नाही की ते गोलमागे उभ्या असलेल्या काकांकडे बघायचे. काकांनी मान डोलवली की हो, आडवी हलवली की नाही. विषय संपला. काका डेपोचे, त्यांचा मुलगा डेपोच्या टीममध्ये, तरी कुणी कधी हूं की चूं केलं नव्हतं. कसं करणार? काकांनी डेपोच्याच विरुद्ध कितीतरी वेळा मान डोलवली होती आणि मग आठवडाभर आपल्याच लोकांचे टोमणे खाल्ले होते.

आणि परवाच्या फायनलमध्ये हाच माणूस खोटं बोलला.

डेपो एका गोलने पुढे होता आणि खेळ संपत आला होता. लाँड्रीच्या कप्तानाच्या धाकट्या भावाने असा सणसणीत फटका मारला की बस्स. डेपोचा गोलकीपर पुढे धावला होता आणि गोलरेषेवर बचावाला एकटा काकांचा मुलगा उभा होता. त्याचा हात वर गेला, चेंडू मनगटाजवळ फाडकन बसला आणि खांबाबाहेर गेला. काका जाळीला नाक लावून उभे होते. दिसायचं तर दिसलंच, त्यांनी तो आवाजसुद्धा ऐकला. मास्तरांच्या समोर खेळाडूंची गर्दी होती. त्यांनी सवयीने काकांकडे पाहिलं, आणि काकांनी पोराकडे पाहिलं. तिथेच घात झाला. सबंध हंगाम पोरगा बाहेर बसला होता, 'काकांचा मुलगा म्हणून घेतलाय' हे ऐकून घेत होता. आज पहिल्यांदा त्याला पूर्ण मॅच खेळायला मिळाली होती, आणि आता पेनल्टी, लाल कार्ड आणि जन्मभराचा डाग. त्याचा चेहरा रडवेला झाला होता. काकांची मान आडवी हलली. वर तोंडानेही ते म्हणाले, "छातीला लागला."

कुणीसुद्धा वाद घातला नाही. फक्त धाकटा जाळीपाशी धावत आला. "हात होता! काका, तुमच्या समोर झालंय! खोटं बोलताय तुम्ही!"

पुढचं वाक्य त्याला बोलता आलं नाही, कारण त्याच्या सख्ख्या भावाने सगळ्यांदेखत त्याच्या मुस्काटात मारली. "काकांना खोटारडा म्हणतोस? चल, नीघ! माफी मागेस्तोवर आपल्या टीममध्ये पाय टाकायचा नाही."

लाँड्री हरली. त्या संध्याकाळी घरी काकूंनी लेकाचं कोण कौतुक केलं! बापलेक मात्र ताटात बघून जेवले आणि त्याबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलले नाहीत.

तर आता कँटीनमध्ये सगळे जमले होते ते पुढच्या हंगामाचं ठरवायला. धाकटाही आला होता. त्याला कुणी बस म्हणालं नव्हतं, म्हणून तो दाराजवळच उभा होता. गालावर काही दिसत नव्हतं, पण काकांची नजर सारखी त्याच्या गालावरच जात होती.

"माझं एक म्हणणं आहे," धाकटा म्हणाला. "दोन्ही गोलांमागे एकेक मोबाइल लावून ठेवू. शंका आली की मास्तरांनी बघायचं. खर्च काही नाही."

"आला मोठा खोलीतला साहेब!" कंडक्टर म्हणाला. "आपल्याला कशाला हवा रे कॅमेरा? आपला कॅमेरा तो बघ तिकडे बसलाय, चहा पितोय. त्याला चार्जिंगसुद्धा लागत नाही!"

पुन्हा सगळे खो खो हसले. मास्तर हसले नाहीत, पण मान हलवत म्हणाले, "काका आहेत म्हणून मी अजून शिटी वाजवतो. नाहीतर कधीच घरी बसलो असतो." आणि ते असं मनापासून म्हणाले की काकांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. शिव्या खाव्यात माणसाने, जोडे खावेत, पण फुकटचं कौतुक खाऊ नये. ते पचत नाही.

काका उठले. कप खाली ठेवताना चहा सांडला.

"हात लागला होता," ते म्हणाले.

"तेच तर मी म्हणतोय," कप्तान टीव्हीकडे बोट दाखवत म्हणाला. "चक्क दिसतंय की."

"त्या मॅचचं नाही. आपल्या. परवाच्या. ह्याने गोल मारला होता, माझ्या मुलाने तो हाताने अडवला. मी बघितलं आणि नाही म्हणालो. हा पोरगा खरं बोलत होता. खोटं मी बोललो."

काकांना छातीवरची धोंड उतरल्यासारखं वाटलं. आता बोला, त्यांना वाटलं, आता काय बोलायचं ते बोला मला.

आणि कप्तानाचे डोळे भरून आले! "बघ," तो धाकट्याला म्हणाला, "बघ जरा. तू ह्यांना भर मैदानात नको ते बोललास, आणि हे तुला टीममध्ये परत घ्यावं म्हणून स्वतःच्या माथी घेतायत. लाज वाटू दे."

"अरे, तसं नाही," काका म्हणाले. "मी खरंच..."

"काका, पुरे झालं हो!" कंडक्टरने त्यांच्या पाठीवर थोपटलं. "तुमचं मन आम्हाला काय आज कळलंय? त्या पोरासाठी जीव तुटतोय तुमचा. पण त्यासाठी खोटं कशाला बोलताय?"

खोटं कशाला बोलताय! काकांनी उभ्या जन्मात कमावलेली पत अशी आडवी आली होती की त्यांचा स्वतःचा गुन्हासुद्धा कुणी त्यांच्या नावावर मांडून घेईना. त्यांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर चष्मा पुसत होते. मग त्यांना एकच वाट दिसली. मुलगा खिडकीपाशी उभा होता.

"तू सांग," काका म्हणाले. "तुझ्याच हाताला लागला ना? सांग ह्यांना. घाबरू नकोस, दोष माझा आहे."

मुलाने बापाकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे. सगळे कौतुकाने बघत होते, बापाकडेही आणि त्याच्याकडेही. काकांना त्याची नजर ओळखू आली, कारण परवा जाळीमागे उभं राहून त्यांनी स्वतः त्याच्याकडे तशाच नजरेने पाहिलं होतं. पोरगा बापाला वाचवायला निघाला होता.

"छातीला लागला," मुलगा म्हणाला. "बाबा परवा म्हणाले तेच खरं."

"झालं!" कप्तान म्हणाला. त्याने भावाचा दंड धरून त्याला पुढे आणलं. "आता तरी माग माफी. परत टीममध्ये यायचंय ना?"

धाकटा काकांच्या समोर उभा राहिला. ह्या खोलीत काकांवर विश्वास ठेवणारा तो एकटाच होता. काकांना वाटलं, हा आता ओरडेल, ऐकलंत ना म्हणेल, मास्तरांना धरून गदागदा हलवेल. ओरड बाबा, त्यांनी मनात म्हटलं, मी तुझ्या बाजूने आहे. धाकट्याने एकदा भावाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"चुकलो, काका," तो म्हणाला. "मला नीट दिसलं नव्हतं."

टाळ्या पडल्या. कुणीतरी चहा सांगितला. मोबाइलचा विषय तिथेच बारगळला आणि कंडक्टरने टीव्हीचा आवाज वाढवला.

काकांनी दारापाशी धाकट्याला गाठलं. "असं का म्हणालास? तुला तर स्वच्छ दिसलं होतं. मी कबूल करत होतो ना तुझ्यासाठी!"

धाकट्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रागावला असता तर काकांनी त्याचे पाय धरले असते.

"मला खेळायचंय, काका," तो म्हणाला. आणि आत चहा आला होता, म्हणून तो काकांच्या कडेने वाट काढून आत गेला आणि आपल्या टीमच्या बाकावर जाऊन बसला.