भोंग्याची तालीम

पूर्णेकाठच्या पांगरखेड्यात पुराची वर्दी देणारा भोंगा आला, तेव्हा त्याच्यासोबत एक नियमही आला होता: प्रत्यक्ष संकटाखेरीज तो वाजवू नये. भोंगा पंचायतीच्या गच्चीवर बसला. नियमाला मात्र गावात कुठेच जागा मिळाली नाही.

सरपंच उकंडरावांच्या वाढदिवसाला भोंगा वाजला. क्रिकेटच्या अंतिम सामन्याला वाजला. नदीकाठच्या मैदानावर साड्यांचं वाटप असलं, की तो हटकून वाजे. ग्रामसेविका प्रियदर्शनीने हरकत घेतली, तेव्हा उकंडरावांनी तिच्याकडे अजाण लेकराकडे पाहावं तसं पाहिलं.

“मॅडम, पूर काय रोज येऊन राहिला? तवर भोंग्यानं गंज खात बसावं का?”

“उद्या खरंच पाणी आलं तर लोक हलणार नाहीत, सरपंचसाहेब.”

“हलनार न्हाईत? अवो, भोंगा वाजला की म्हाताऱ्या बी पळतेत. येवढी तालीम कोन्या गावाला हाय?”

राज्यशास्त्राला नवा सिद्धान्त बहाल करावा, अशा थाटात त्यांनी ‘तालीम’ हा शब्द उच्चारला. दुर्दैव हे, की त्यांचं म्हणणं खरं होतं. लोक पळत. फक्त नदीकडे पळत.

भाद्रपदातल्या एका दुपारी, गावात लख्ख ऊन असताना, वरच्या धरणाचे दरवाजे उघडल्याचा फोन आला: काठ ताबडतोब रिकामा करा. उकंडराव तालुक्याला कुणाच्या तरी सत्काराला गेले होते. प्रियदर्शनी गच्चीवर धावली आणि ज्या कामासाठी ते यंत्र जन्माला आलं होतं, ते काम तिने त्याच्याकडून पहिल्यांदाच करवून घेतलं.

खालच्या गल्लीतली दारं धडाधड उघडली. बायका बाहेर पडल्या. काखेत लेकरं, हातात रिकाम्या पिशव्या. सर्वांत पुढे सखुबाई, जिला गुडघ्यांपायी एरवी उंबरा ओलांडवत नसे. साऱ्याजणी मैदानावर पोचल्या आणि नदीकडे पाठ करून शिस्तीत रांगेला बसल्या.

प्रियदर्शनीने भोंग्याचा माइक ओढला. “पाणी सोडलंय! मैदान सोडा, वर या!”

रांग जागची हलली नाही.

“समदं समजतं मॅडम!” सखुबाईने खालून हात नाचवला. “आमी उठलो की तुमी तुमच्या मान्सायला म्होरं बसवनार!”

हशा पिकला. सखुबाईच्या पाठीमागे नदीचा रंग बदलत चालला होता आणि काठाची बाभळ बुडाशी ओली झाली होती. सत्य सांगून झालं होतं. गावाने ते ऐकलं, तोललं आणि नाकारलं होतं. प्रियदर्शनीने डोळे मिटले आणि आयुष्यात प्रथमच ती सरपंचांच्या भाषेत बोलली.

“वाटप शाळेत हाय! टेकडीवर! आधी येईल तिला पैठणी!”

क्षणात रांग मोडली. सखुबाई टेकडी अशी चढली, की तिला औषध देणाऱ्या डॉक्टरने वैद्यकी सोडून द्यावी. शेवटची बाई शाळेच्या पायरीला लागली आणि मैदान पाण्याखाली गेलं. एक पोरगंही दगावलं नाही. घरात पाणी शिरलेलं वरून दिसत असतानाही दोघीतिघींनी विचारलंच, “पन पैठणी कुठं हाय?”

उकंडराव परतले ते दोन निष्कर्ष घेऊन. गाव वाचलं, ते त्यांच्या तालमीमुळे. आणि खोटी सूचना प्रसारित करून जनतेची दिशाभूल केल्याबद्दल प्रियदर्शनीची चौकशी व्हावी. नियमाला अखेर गावात जागा मिळाली.

चिखल वाळल्यावर गाव वाचवल्याबद्दल उकंडरावांचा सत्कार ठरला. अर्थात त्याच मैदानावर, आणि अर्थात भोंगा वाजवून.

भोंगा वाजला. पंचायतीच्या पायरीवर, पर्समध्ये चौकशीची नोटीस घेऊन उभ्या प्रियदर्शनीसमोरून अख्खी गल्ली पिशव्या घेऊन निघाली आणि टेकडीच्या वाटेला लागली.

“सखुबाई, सत्कार खाली आहे,” ती म्हणाली.

“सत्कार गेला चुलीत! त्या दिशीच्या पैठण्या वाटायच्या ऱ्हायल्यात न्हवं? शाळंतच हायत न्हाई का?”

खाली मैदानावर फेटा बांधलेले उकंडराव रिकाम्या सतरंजीसमोर एकटेच उभे होते. त्यांच्यामागे पूर्णा वाहत होती.

प्रियदर्शनीला चूक दुरुस्त करण्याची जुनी खोड होती. ती तिने आवरली.

“व्हा पुढं,” ती म्हणाली. “आणि लक्षात ठेवा. भोंगा वाजला, की शाळेतच.”