पोपटाची चोच आणि हिरवा ऑइलपेंट

मित्रांनो, आता जे सांगणार आहे त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही, आणि नाही बसला तरी माझं काही अडत नाही. मी एक जुना गुलाबी दगड आहे. रेवदंड्यात नारळीच्या एका वाडीत तुळशीवृंदावन होऊन उभा आहे. वय चारशे वर्षं, वर थोडे महिने.

मी पोर्तुगीजांच्या गलबतातून आलो. कोर्लईच्या टोकापाशी असं वादळ झालं की तीन तोफा, दोन घोडे आणि एक पाद्री तळाला गेले. मी मात्र तरंगत किनाऱ्याला लागलो. दगड कसा तरंगतो, हे विचारू नका. माझ्या अंगभर बारीक छिद्रं आहेत, त्यांत हवा असते.

जात मात्र अगदी खरी सांगतो. आम्ही वालुकाश्म, म्हणजे दाबून दाबून दगड झालेली वाळू. फरक असतो तो कणांना धरून ठेवणाऱ्या डिंकात. तो गारगोटीचा असला की दगड कडक, छिन्नीची धार खाणारा. चुन्यामातीचा असला की हळवा. लोखंडाचा गंज मिसळला की लाल; त्याच्या जाळ्या आणि कमानी करतात. मी राजस्थानातल्या धोलपूरकडचा, बारीक कणांचा. लोण्यात बोट फिरावं तशी माझ्यावर छिन्नी फिरते. तुमच्या इथल्या जांभ्यावर कोरून दाखवा एक पोपट. चोच काढेपर्यंत त्याचा कावळा होईल.

माझ्या चार बाजूंना मोर, कमळ, घंटांची माळ आणि पोपट होते. होते म्हणतो, कारण आता फक्त पोपट उरलाय.

नऊ वर्षांपूर्वी यज्ञेश्वरराव आणि पद्माकाकूंनी ही वाडी विकत घेतली. काकू रोज सकाळी तुळशीला तांब्याभर पाणी घालतात आणि उरलेलं मोठ्या भक्तीने माझ्या अंगावर ओततात. पाणी विहिरीचं. खाडी शेजारी, म्हणून मचूळ. ते माझ्यात मुरतं. उन्हाने पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. त्याचे खडे आतल्या आत वाढतात आणि माझा एकेक कण ढकलून देतात. तेही मी सोसत होतो. निदान मीठ अंगावर फुटून यायचं आणि पावसात धुऊन जायचं. मग ऑइलपेंट आला.

दर वर्षी तुळशीच्या लग्नाआधी सदू रंगारी डबा घेऊन येतो आणि माझी सगळी छिद्रं बुजवून जातो. मीठ बाहेर पडायला वाट शोधतं. नाही सापडली की कातडीच फोडतं. मोराचा पिसारा असाच रंगाच्या पापुद्र्याला चिकटून गळला. काकूंनी तो केरसुणीने लोटून नारळाच्या आळ्यात टाकला. मोर, मित्रांनो. केरात.

आज पुन्हा सदू आलाय.

"काकू, यंदा कंचा देऊ? पिवळा हाय, हिरवा हाय."

"हिरवाच दे. आणि चांगला जाड दे रे. गेल्या वर्षीचा शिमग्यापर्यंतही टिकला नाही."

"रंगाला काय न्हाय झालं. दगडच भुसभुशीत तुमचा."

भुसभुशीत म्हणे. मला. ज्याने माझा श्वास कोंडला, तोच वर माझी छाती तपासतोय.

"अरे, चारशे वर्षांचा आहे तो," यज्ञेश्वरराव झोपाळ्यावरून म्हणाले. "आधीचा मालक सांगून गेलाय. म्हातारपणी माणसाचे दात पडतात, याचा पोपट पडेल. त्यात कोणाचा दोष?"

एरवी 'चारशे' ऐकलं की मी फुगतो. आज पहिल्यांदाच तो आकडा मला टोचला.

म्हणून मित्रांनो, हात जोडायला मला हात नाहीत, तेव्हा रागानेच सांगतो. तुळशीची कुंडी वेगळी ठेवा. मला पावसाच्या साठवलेल्या गोड्या पाण्याने मऊ ब्रशने पुसा. रंग देऊ नका, मी जन्मतःच रंगीत आहे. आणि तो डबा आत्ताच्या आत्ता बंद करा, कारण पोपटाच्या चोचीखाली पापुद्रा सुटायला लागलाय.

पण ऐकतंय कोण. मांडवासाठी मला दोन हात सरकवायचं ठरलंय. सदूने बुडाशी पहार घालून मला तिरकं केलं. यज्ञेश्वररावांची तेरा वर्षांची नात आश्लेषा मघापासून शेजारी बसून माझी ही गोष्ट ऐकत होती. ती वाकली आणि माझ्या बुडाखाली डोकावली.

"सदूकाका, असंच धरा जरा." तिने बोटाने माती पुसली. "आजोबा, इथे घडवणाऱ्याचा मोबाईल नंबर कोरलाय. त्याच्याखाली सन दोन हजार अकरा."

झोपाळ्याची करकर थांबली. सदूही पहार धरूनच वाकून बघू लागला.

"थापा मारतोय हा," आश्लेषा म्हणाली. "कसले चारशे? चौदा वर्षांचा आहे, माझ्याहून एकाच वर्षाने मोठा. मग आजी, चौदाच वर्षांत याचं तोंड असं कोणी झिजवलं?"