शेवटच्या रांगेतला बाक

दोन फळ्या, चार पाय, सोळा खिळे. पाठीवर कुणीतरी कोरलेली तीन अक्षरं आणि एका पायाखाली घडी घातलेला पुठ्ठा. मित्रांनो, एवढाच मी: चर्चमधला शेवटच्या रांगेतला एक जुना बाक.

नवा होतो तेव्हा लोक माझ्यावरून कौतुकाने हात फिरवायचे. आता उशिरा येणारेच माझ्या वाट्याला येतात. एकेचाळीस वर्षं माणसांची ओझी वाहून मी थकलोय. पण एक रविवार अजून सलतो.

त्या दिवशी उपासनेनंतर एक बाई माझ्यावर बसून राहिली. डोळा सुजलेला. "जिन्यावरून पडले," म्हणाली.

"अगं, तुझ्या घराला जिना कुठंय?" झाडू मारणाऱ्या मावशींनी विचारलं.

मग नवरा मारतो हे तिने सांगितलं. पाळकसाहेबांनी नवऱ्याला बोलावलं, दोघांना माझ्यावर शेजारी बसवलं, हातात हात द्यायला लावले, प्रार्थना केली आणि घरी धाडलं. सगळ्यांत मोठ्याने 'आमेन' नवराच म्हणाला.

तीन आठवड्यांनी ती आली, ती हाताला प्लास्टर घालून. "साहेब, देव माफ करायला सांगतो. परत नाही गेले तर पाप लागेल का?"

पाळकसाहेब हातभर अंतर ठेवून बसले.

"ताई, चूक माझी. मेंढरू लांडग्याच्या दारात मीच सोडून आलो. माफ जमेल तेव्हा करा. त्यासाठी त्या घरात राहावं लागत नाही. येशू मार खाणाऱ्याच्या शेजारी बसतो. आमच्याकडे राहा. उद्या पोलिसांकडे आम्ही दोघं नवराबायको येतो सोबत."

"हे कळायला हिचा हात मोडावा लागला," मावशी म्हणाल्या. साहेबांनी मान खाली घातली.

"मी नाही जाणार घरी," ती सावकाश म्हणाली. मग, "जरा आडवी होऊ का इथंच? झोपच नाही कित्येक दिवस."

मावशींनी वेदीवरची धुतलेली चादर घडी करून उशाला दिली. गायकमंडळी सरावाला आली, त्यांना अंगणात बसवलं.

मित्रांनो, माझं पॉलिश राहू द्या. पण माझ्यावर कुणी एकटं बसून राहिलं, तर त्याला घरी पाठवायची घाई करू नका. घरी काय होतं, ते आधी विचारा.

ती झोपली तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात बारा पंचवीस झाले होते. उठली तेव्हा पाच दहा. चार तास पंचेचाळीस मिनिटं.