उद्या ये

…काळी, बोटाच्या पेराएवढी, मधोमध पिवळ्या धातूचा ठिपका. घराच्या पितळी किल्लीशेजारी लटकताना ती किल्ली वाटतच नाही, कुणाच्या तरी कोटाचं तुटलेलं बटण वाटतं. पण कॉम्प्युटरला जोडून त्या ठिपक्यावर बोट टेकवलं की हर्षिताची सही होते, आणि ती झाली की दवाखाने डोळे मिटून विश्वास ठेवतात. आज दुपारी ते बोट टेकवायचं होतं. टेकवायचं की नाही, हे त्याआधी ठरवायचं होतं… के. आर. पुरमहून निघालेली ऑफिसची बस महादेवपुऱ्याला नेहमीसारखी ठप्प उभी होती, आणि हर्षिता त्या ठिपक्यावरून अंगठा फिरवत बसली होती.

गिरीराजचा फोन सकाळीच येऊन गेला. तिचा साहेब; बेळगावचा, म्हणून बाकीच्यांशी इंग्रजी आणि हिच्याशी मराठी. "एक सही तर आहे. नवी कुलपं पुढच्या वर्षी घालूया की! ते क्वांटम कॉम्प्युटर अजून पाळण्यातबी आलं नाही, आणि तू आतापासनं घाबरायलीस. स्वल्प अड्जस्ट कर की." बोलण्यात मेला हुशार. तिला तेव्हा हसूच आलं होतं, आणि हसू आलं याचा आता राग येत होता.

कारण तो खोटं बोलत नव्हता. दवाखान्यांचे तपासणीचे अहवाल कुलूपबंद करून जन्मभर सांभाळायचे, हा हर्षिताच्या कंपनीचा धंदा. कुलूप म्हणजे एक गणित, आजच्या कॉम्प्युटरला सात जन्मांत न सुटणारं. क्वांटम कॉम्प्युटर पुरेसा मोठा झाला की त्याला ते सुटेल. कधी होईल मोठा? कुणालाच ठाऊक नाही, आणि तिथंच गिरीराजचं फावतं. पण चोर कुठे थांबलेत? ते आजच कुलपासकट सगळं नकलून नेतात आणि निवांत वाट बघत बसतात… एकदा नेलेल्या नकलेला नवं कुलूप घालता येत नाही. आणि सही कशाखाली करायची, तर 'पेशंटच्या हयातीत हे अहवाल कुणीही उघडू शकणार नाही' या वाक्याखाली. हयातीत!

लेक अनुषा तिसरीत आहे. तिची हयात किती लांब आहे देवा.

माझ्या वडिलांना, अप्पांना, ऐन उमेदीत चमचा धरवेना झाला तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, हे रक्तातून येतं. म्हणून गेल्या वर्षी लेकीचं रक्त तपासून घेतलं… घ्यायला नको होतं का? उत्तर काय आलं ते मी मनातसुद्धा उच्चारत नाही. ते तिचं आहे. ती मोठी झाली की तिला विचारेन, तुला कळायला हवंय का, आणि ती नको म्हणाली तर मी ते गिळून मरेन. पण त्याआधी ते एखाद्या विमा कंपनीनं वाचलं तर? सोयरीक घेऊन आलेल्यांनी वाचलं तर? माझ्या पोरीचं नशीब माझ्या पोरीआधी कुणा परक्यानं वाचायचं म्हणजे काय! तिचा अहवाल याच ऑफिसच्या कॉम्प्युटरमधल्या कपाटात आहे, जुन्या कुलपात, आणि त्याच्यासारखे लाखो.

बस हलली. एका बंद दुकानाच्या शटरवर खडूनं काहीतरी लिहिलेलं होतं, आणि तिला एकदम लहानपणच्या गल्लीतली दारं आठवली. रात्री एक भूत ओळखीच्या आवाजात हाक मारतं, अशी तेव्हा आवई उठली होती. म्हणून सगळ्यांनी दारावर कन्नडमध्ये 'नाळे बा' लिहिलं—उद्या ये. भूत वाचणार, परत जाणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच वाचणार. अप्पा फिरतीवर होते. आई साताऱ्याची, कन्नड जेमतेम बोलायची, लिहायचं नावच नको. तिनं आपलं ठसठशीत मराठीत लिहून टाकलं, 'उद्या ये'. शेजारच्या कौशल्याक्का पोट धरधरून हसल्या. "अय्यो भाग्यलक्ष्मी, इथल्या भुताला मराठी कुठं येतं ग!"

आई हसली नव्हती. खडू हातात घेऊन दाराकडे बघत राहिली होती. "आज येत नसेल, अक्का," ती म्हणाली, "शिकेल की. मी नाही का बोलायला शिकले?"

हर्षिता बेळ्ळंदूरला उतरली तेव्हा ऊन कडक झालं होतं आणि तळ्याकडून तोच तो ओळखीचा सांडपाण्याचा वास येत होता. जागेवर बसून तिनं किल्ली जोडली. ठिपका लुकलुकायला लागला. बोट त्याच्यावर नेलं, आणि तसंच धरलं… नवी कुलपं तयार होती, तिनं स्वतः तपासली होती. फक्त एकेक जुनं कपाट उघडून, सगळं नव्यानं बंद करण्याचं कंटाळवाणं, महिनोन्‌महिने चालणारं काम उरलं होतं. म्हणून पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षी म्हणजे पुन्हा पुढच्या वर्षी.

"झाली काय सही?" गिरीराज खुर्चीमागे येऊन उभा होता.

तिनं किल्ली उपसून मुठीत घेतली. "तुमच्या बेळगावात दारावर 'नाळे बा' लिहायचे का रे?"

"लिहायचे की! आमच्या आज्जीनं तर गोठ्यावरबी लिहिलं होतं. का ग?"

"ते भूत खुळं होतं. वाचून परत जायचं. हे दारच उचलून घरी नेतंय, गिरीराज. वाचायला मागाहून शिकेल."

तो हसायला गेला आणि हसला नाही. "तीन वाजता दवाखान्यांची माणसं येणार. त्यांना काय सांगू?"

"मी सांगते. ते वाक्य खरं होईपर्यंत माझी सही मिळणार नाही."

"आणि मी दुसऱ्या कुणाची घेतली तर?"

"घे. पण ते वाक्य त्याला आधी मोठ्यानं वाचायला लाव."

खुर्चीच्या पाठीवर त्याचा हात तसाच होता—नोकरी जाईल कदाचित, किंवा जाणार नाही, किंवा ही सगळी माणसं तीन वाजता मला वेडी ठरवतील… मुठीत किल्ली टोचत होती, आणि सकाळपासूनची भीती आता भीती राहिली नव्हती, नुसती घाई झाली होती. आईला असंच झालं असेल. अक्का म्हणाल्या होत्या, दमानं घे, उद्या शिकवते तुला अक्षरं. आईनं पदरानं आपलं मराठी पुसून टाकलं होतं आणि खडू त्यांच्या हातात कोंबला होता, आत्ताच दाखवा म्हणून. दिवेलागणीच्या आत आमच्या दारावर कन्नडमध्ये आईची तीन वाकडी अक्षरं उभी होती… 'उद्या ये' एवढं लिहायलासुद्धा ती उद्यापर्यंत थांबली नव्हती.

"बस," हर्षिता म्हणाली, आणि शेजारची खुर्ची त्याच्याकडे सरकवली. "सगळ्यात जुनं कपाट कुठलं, ते आधी बघू."