सात नंबरचा आवाज

रविवारी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी अब्दोन लेव्हानो घोंगडीच्या मागे जाऊन उभा राहिला. एका हातात चिठ्ठी होती, तिच्यावर सात आकडा. दुसऱ्या हातात घडी घातलेला कागद, सगळ्या पुरुषांना दिलेला तोच.

घोंगडीची पद्धत मागच्या वर्षीपासूनची. तेव्हाच्या नाटकात कोणाच्या मेहुण्याला राजाचं काम मिळालं आणि कोणाच्या भावजयीला झाडाचं, यावरून वसाहतीतल्या बायका दोन महिने एकमेकींशी बोलत नव्हत्या. मग असं ठरलं की निवड कानांनी करायची. सभागृहाच्या मधोमध दोरीवर घोंगडी टांगायची. अलीकडे वाचणारा, पलीकडे तिघींची समिती. नाव सांगायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही.

अब्दोनला भीती होती ती नेमकी आवाजाची.

लिमा शहराच्या कडेच्या या उघड्याबोडक्या टेकडीवर जवळजवळ सगळी घरं सैन्य आणि बंडखोरांच्या लढाईच्या वर्षांत आयाकुचोच्या डोंगरांतून पळून आलेल्यांची होती. तो एकटा किनाऱ्याकडचा, लग्न करून इथे आलेला. एकोणीस वर्षांपूर्वी सैन्याच्या सक्तीच्या भरतीत त्यालाही त्याच डोंगरांत पाठवलं होतं, हे त्याची बायको फोर्तुनाता हिलासुद्धा माहीत नव्हतं. तिच्या लेखी त्याने ती दोन वर्षं ताक्नाच्या छावणीत कर्नलची गाडी धुण्यात काढली होती. तीनचाकी मोटोटॅक्सी चालवताना तो गिऱ्हाइकांशी बोलत नसे. कुठे जायचं ते ऐकायचं आणि मान डोलवायची. वसाहतीत त्याला मुका म्हणत.

नाटकासाठी त्याचं नाव फोर्तुनातानेच दिलं होतं. नाटक डोंगरातल्या त्या वर्षांचं होतं. वसाहतीतल्या बायकांनी जे सांगितलं ते ऐकून शाळेतल्या येनीबाईंनी ते लिहिलं होतं. दहा पुरुष हवे होते, आले होते सहा, त्यातल्या एकाच्या तोंडात दात नव्हते. "एवढ्या वर्षांत एकदा तरी तोंड उघड," ती म्हणाली होती. "लोक मला विचारतात, घरात तरी बोलतो का गं तो?" नाही म्हणायला अब्दोनकडे एकच कारण होतं, आणि ते सांगण्यासारखं नव्हतं.

त्याने कागद उलगडला. सैनिकाचं काम होतं.

दार उघडा, बाई. पाणी हवंय. फक्त पाणी. पिऊन निघतो.

त्याने ते मनात दोनदा वाचलं. हे शब्द कोणी रचलेले नव्हते, ते त्याचेच होते. हवालदार त्याला मुद्दाम पुढे पाठवायचा. वय एकोणीस, चेहरा कोवळा, आवाज मऊ. त्याला दारं उघडत. मग बाकीचे आत शिरत. किती दारं ते त्याला आठवत नव्हतं. एक मात्र आठवत होतं. त्या बाईने भोपळ्याच्या तुंब्यातून पाणी आणून दिलं होतं, आणि तो पीत असताना तिच्या मुलाला मागच्या वाटेने नेलं होतं.

"सात नंबर," पलीकडून येनीबाई म्हणाल्या. "झोप लागली का?"

दोघीतिघी हसल्या.

त्याने आवाज जाड केला आणि ओरडून वाचला. चारही वाक्यं दार फोडल्यासारखी. संपल्यावर कपाळ पुसलं. वाटलं, सुटलो.

पलीकडे खुर्ची सरकली. सतुर्निनाआजी समितीत सगळ्यात थोरल्या. दुपारपासून त्यांचा शब्द ऐकू आला नव्हता.

"ओरडू नका," त्या म्हणाल्या. "तो ओरडला नव्हता. ओरडला असता तर मी दार उघडलं नसतं. हळू म्हणा."

अब्दोनने घोंगडीकडे पाहिलं. जाड लोकर, तपकिरी पट्टे. बाहेर पडायचं दार चार पावलांवर होतं. बाहेर फोर्तुनाता उभी होती.

त्याने पुन्हा वाचलं, हळू. हळू बोलताना जाड आवाज टिकेना. पहिल्या वाक्यानंतर जीभ आपल्या सवयीने पुढे गेली.

"दार उघडा, बाई. कुत्र्याला धरा. पाणी हवंय. फक्त पाणी. पिऊन निघतो."

कागद चाळल्याचा आवाज आला. यात कुत्रं कुठून आलं, असं येनीबाईंनी विचारलं, आणि लिहिलंय तेवढंच वाचावं अशी ताकीद दिली. समितीतली तिसरी बाई म्हणाली, मुद्दाम घातलं असेल, ऐकायला बरं वाटलं. सतुर्निनाआजी म्हणाल्या,

"हाच."

सोमवारी सामायिक स्वयंपाकघराच्या दारावर यादी लागली. सैनिक, सात नंबर. दार उघडणाऱ्या आईच्या कामापुढे सतुर्निनाआजींचं नाव होतं. त्यांनी जन्मात नाटकात काम केलेलं नव्हतं. फोर्तुनाताने जेवणाच्या भर रांगेत सगळ्यांना सांगितलं की सात नंबर म्हणजे आमचा मुका. घरी आल्यावर तिने त्याचा गालगुच्चा घेतला. तो जेवला नाही.

बुधवारी सकाळी धुक्यात सतुर्निनाआजी त्याच्या मोटोटॅक्सीत येऊन बसल्या. वर, पाण्याच्या टाकीपाशी, एवढंच म्हणाल्या. चढणीभर त्याने आरशात पाहिलं नाही. टाकीपाशी त्या उतरल्या आणि हँडलवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"येनीबाईंना मी कुत्र्याचं सांगितलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "कोणालाच नाही."

अब्दोनने इंजिन बंद केलं.

"नाटकाचा शेवट लिहायचा राहिलाय. मुलाला नेतात, इथपर्यंतच मला ठाऊक. कुठे नेलं, कुठे ठेवलं, ते सैनिकाने म्हणायचं. मी बाईंना म्हटलं, ते वाक्य ज्याचं काम त्यालाच लिहू दे." त्यांनी हात काढून घेतला. "पोलिसांना सांगायचं असतं तर रविवारीच सांगितलं असतं. उद्या सहाला तालीम आहे, बाळा."

ओढ्याच्या वळणाखाली तीन निलगिरी. त्याला ती जागा माहीत होती. त्याने स्वतः कुदळ धरली होती.

गुरुवारी सहाला सगळे आले. समोरच्या खुर्चीवर सतुर्निनाआजी बसल्या. फोर्तुनाताने घरून चहाची किटली आणली होती. सहा वाजून पाच मिनिटांनी मोटोटॅक्सी चढण चढून सभागृहाबाहेर थांबली. वीस मिनिटं झाली तरी ती तिथेच होती. अब्दोन सीटवर बसलेला होता आणि इंजिन चालूच होतं.